नानांची निळी नखं

नववीची परीक्षा संपली आणि पुढच्या आठ दिवसांत कोकिळा लीलाधर पाटील जवळजवळ डॉक्टर झाली. जवळजवळ म्हणायचं कारण एवढंच, की फैजपूरच्या शाळेत भरलेल्या प्रथमोपचार वर्गाच्या प्रमाणपत्रावर सही होती, पण शिक्का नव्हता. शिक्क्याची गादी वाळली होती. शिक्का नसला म्हणून ज्ञान कमी होत नाही, असं कोकिळाचं मत होतं. त्या उन्हाळ्यात कोकिळाला प्रत्येक गोष्टीबद्दल मत होतं.

वर्ग घ्यायला जळगावहून एक डॉक्टरबाई येत. त्यांनी हृदय, रक्त आणि रक्ताचं फिरणं एवढाच विषय घेतला, पण असा घेतला की मुलींना आपापल्या छातीत काहीतरी हलतंय हे पहिल्यांदाच कळलं. मनगटाला तीन बोटं लावून नाडी मोजायची. नखांचा रंग बघायचा. खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. घोट्यावर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते बघायचं. आणि माणूस जिना चढून आला की त्याला न कळता त्याचा श्वास बघायचा. यातलं ‘न कळता’ कोकिळाला फारच आवडलं.

“माणसं आजार लपवतात, मुलींनो,” बाई म्हणाल्या. “काही वेळा त्यांना स्वतःलाही माहीत नसतो. संशय घ्यायला शिका. आणि शंका आली तर माझ्याकडे घेऊन या.”

एका खुणेवर विसंबू नका, चार खुणा एकत्र बघा, असंही त्या पुढे म्हणाल्या. पण तोपर्यंत कोकिळा वहीत ‘संशय’ या शब्दाखाली दोन रेघा ओढण्यात गुंतली होती.

सुट्टीतला गृहपाठ होता घरातल्या पाच जणांच्या तपासणीचा. घरात माणसं चार. नाना, म्हणजे वडील, केळी उत्पादकांच्या सोसायटीत कारकून. आई, म्हणजे इंदिराबाई. कोकिळा स्वतः. आणि अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला माहेरी आलेली मोठी बहीण मथुरा. पाचवी शेजारची धुरपदामावशी धरली. ती रात्री झोपायला तेवढी स्वतःच्या घरी जायची, त्यामुळे तिला घरातली म्हणायला कोणाचीच हरकत नव्हती.

मथुराच्या बाबतीत मात्र घरात हवा जरा जड होती. तिला धुळ्याकडच्या एका गावात देऊन दोन वर्षं झाली होती, आणि यंदा तिच्या पाठोपाठ तिच्या सासूचं, झुंबरबाईंचं, पोस्टकार्ड येऊन थडकलं होतं. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. ‘अखाजीनंतर आठव्या दिवशी मी स्वतः न्यायला येते. तोवर पोरीला कामाची सवय लावा. पाणी आणताना बसते, जिना चढताना बसते, भाकरी थापताना बसते. हेच चालायचं असेल तर तिला तिकडेच ठेवा, आम्ही आमच्या मुलाचं दुसरं बघू.’

पोस्टकार्ड असल्यामुळे गल्लीतल्या सगळ्यांनी ते वाचलं. सगळ्यात आधी उखर्डू आबांनी. आबा पोस्टमनच्या नोकरीतून निवृत्त झाले होते, पण दुसऱ्याची पत्रं वाचण्यातून नव्हे.

तेव्हापासून आई मथुराला कामाची सवय लावत होती. पहाटेपासून पापडाचं पीठ कुटायला लावायची, लाट्यांचं ताट घेऊन गच्चीवर पाठवायची, पुन्हा खाली बोलवायची. मथुरा ताट घेऊन निघायची. जिन्यात थांबायची, कठड्याला धरून उभी राहायची. खालून आईचा आवाज आला की पुढच्या तीन पायऱ्या चढायची.

कोकिळाने तपासणी मथुरापासूनच सुरू केली, कारण ती हाताशी होती. अखाजीची मेंदी नुकतीच लागलेली. आमच्याकडे अखाजीला मेंदी म्हणजे तळहातावर चार ठिपके नव्हेत. बोटांची पेरं, नखं, तळवे, सगळं बुडवून काढतात. कोकिळाने लिहिलं, ‘नखे लालभडक. रक्त भरपूर.’ नाडी मोजली तर एकशे बारा. तिने लिहिलं, ‘झोका खेळून आली असावी.’ पापणी ओढायला गेली तर मथुरा मागे सरकली.

“काजळ फिसकटेल गं. आत्ताच घातलंय.”

“पेशंटने सहकार्य केलं पाहिजे.”

“उद्या बघ. आत्ता बसू दे मला जरा.”

‘बसू दे’ हे शब्द कोकिळाने ऐकले आणि तिचा संशय जागा झाला. म्हणजे पोस्टकार्ड खरंच होतं तर. तिने मथुराच्या पानावर लिहिलं, ‘जिन्यात तीनदा थांबते. धाप लागल्यासारखे करते.’ आणि शेरा म्हणून एकच शब्द, ‘आळस.’

आईची तपासणी झाली, धुरपदामावशीची झाली. दोघींचं सगळं ठीक निघालं आणि कोकिळाची निराशा झाली. एवढं शिकून घरात एकही रोगी नाही म्हणजे काय. मग ती नानांकडे वळली.

नाना पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न करताच डावा हात पुढे केला. कोकिळाने नखं बघितली आणि वही खाली ठेवली. नखं निळी होती. निळी म्हणजे नुसती निळी नव्हे, कडेला काळपट, मध्ये जांभळट, वर्गातल्या तक्त्यावर ‘हृदयविकार’ या शब्दाशेजारी दाखवली होती तशी, किंबहुना तक्त्यापेक्षा चांगली. दुसरा हात मागितला. तोही तसाच.

“नाना, हे कधीपासून?”

“काय?”

“नखं.”

नानांनी पेपर खाली केला आणि नखांकडे असं पाहिलं, जसं कोणी शेजाऱ्याने आणून ठेवलेल्या वस्तूकडे पाहावं. “नेहमीचीच आहेत.”

“नेहमीची म्हणजे जुनाट,” कोकिळा म्हणाली. तिने नाडी धरली. अठ्ठ्याहत्तर होती. कोकिळाचा चेहरा बघून ती ब्याण्णव झाली.

आईने कपाटातून लग्नाचा फोटो काढला. फोटोत नानांचा हात आईच्या हातावर होता आणि नखं काळी होती. “अगं बाई, तेव्हापासून,” आई म्हणाली. फोटो काळा-पांढरा होता आणि त्यात भटजींच्या शेंडीपासून बोहल्यापर्यंत सगळंच काळं-पांढरं होतं, हे संशयाच्या भरात कोणाच्या लक्षात आलं नाही.

दहा मिनिटांत धुरपदामावशी आली. तिच्या मागून उखर्डू आबा आले. मावशीने नखं पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

“मह्या मावसभावाचं असंच झालतं माय, जामनेरले. सकाळी चांगला चहा पेला. दुपारी…”

“दुपारी काय?” नानांनी विचारलं.

“दुपारी काही नाही झालं. पन झालं असतं.”

नाना त्या दिवसापासून मावशीशी बोलेनात.

उखर्डू आबांनी सूत्रं हातात घेतली. डाव्या कुशीवर झोपवू नका, हृदय दबतं, असं ते म्हणाले. मावशीचं म्हणणं, उजव्या कुशीवर झोपवलं तर हृदय लोंबतं. शेवटी नानांना पाठीवर झोपवलं. पाठीवर झोपून पेपर वाचला तर हात वर राहतात आणि रक्त खाली उतरतं, म्हणून पेपर बंद झाला. मीठ बंद झालं. मोठ्याने बोलणं बंद झालं. जिना तर बंद झालाच, पण उंबरठाही नानांनी एकट्याने ओलांडू नये असं ठरलं. माणूस तीन दिवस आढ्याकडे बघत पडून राहिला की त्याला कुठे ना कुठे दुखतंच. नानांना खांद्यात दुखू लागलं. कोकिळाने ते वहीत लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. आईने ते मावशीला सांगितलं आणि मावशीने ते गल्लीला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी माणूस पाठवला. लवकर बरे व्हा, असा निरोप होता, आणि येताना कपाटाची किल्ली घेऊन ये, असाही होता. नाना पाठीवरून उठून बसले.

“किल्ली कशाला हवी त्यांना?”

“तुम्ही आजारी, म्हणून.”

“मी आजारी आहे हे त्यांना कोणी सांगितलं?”

सगळ्यांनी कोकिळाकडे पाहिलं. कोकिळाने वही छातीशी धरली. आपण एका माणसाचा जीव वाचवतोय आणि घर आपल्याकडे चोरासारखं बघतंय, हे तिला फार लागलं.

“उद्या जळगाव,” नाना म्हणाले. “त्या तुझ्या बाईंकडे. एकदा काय ते होऊन जाऊ दे.”

आई येऊ शकत नव्हती, गच्चीवर पापड होते. म्हणून मथुरा म्हणाली, “मी येते नानांबरोबर.” आईने तिच्याकडे जरा संशयानेच पाहिलं, पापडाचं काम चुकवायला निघाली की काय असं, पण नानांसमोर बोलली नाही. उखर्डू आबा न बोलावता आले. पत्ता शोधायचा तर पोस्टमन हवा, असं ते म्हणाले.

एसटीत कोकिळाने मागची सीट नानांना आडवं होण्यासाठी धरली. कंडक्टर आला.

“पेशंट कोण?”

“हे,” कोकिळा म्हणाली.

“मी नाही,” नाना म्हणाले.

“तुमचं आपसात ठरवा. आडवं व्हायचं तर तीन सीटची तीन तिकिटं.”

नाना ताडकन उठून बसले आणि जळगावपर्यंत ताठ बसून आले. इतके ताठ, की आबा दर दहा मिनिटांनी त्यांच्या नाकापुढे हात धरून बघत होते.

जळगावचा तो दवाखाना धर्मादाय होता, आणि बाई बसत वरच्या मजल्यावर. आबांची योजना होती की नानांना खुर्चीत बसवून वर न्यायचं, मागचे पाय आपण धरायचे आणि पुढचे कोकिळाने. खुर्ची येईपर्यंत नाना रागाने स्वतःच जिना चढून गेले. एका दमात बावीस पायऱ्या. कोकिळा त्यांच्या मागे धावली. वर पोचून तिने वळून पाहिलं तर मथुरा पिशवी घेऊन सहाव्या पायरीवर उभी.

“ताई, निदान आज तरी,” कोकिळा वरून म्हणाली. बोलताना तिचा आवाज अगदी आईसारखा निघाला.

डॉक्टरबाईंनी नानांची नखं बघितली. मग म्हणाल्या, “जीभ काढा.” नानांनी जीभ काढली. बाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावला, पुढून, मागून, घोटे दाबले, पापणी ओढली. आबांनी टोपी काढून हातात घेतली.

“काम काय करता?”

“केळीच्या सोसायटीत कारकून.”

“कारकुनाच्या नखांना केळीचा चीक कसा?”

नाना जरा लाजले. “ट्रक भरताना घड मोजायचे असतात. लांबून मोजले की चुकतात. मी प्रत्येक दांड्याला हात लावून मोजतो. पंचवीस वर्षं.”

“आणि मग?”

“मग पावतीवर शिक्के मारतो.”

बाईंनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि अंगठ्याच्या नखावर घासला. बोळा जांभळा झाला. नख तपकिरी झालं.

“ही शाई. खाली आहे तो चीक, तो काही आज निघत नाही. जीभ गुलाबी आहे, ओठ गुलाबी आहेत. यांचं हृदय अगदी उत्तम आहे. आबा, तुमच्यापेक्षाही बरं असेल.”

हे ऐकून उखर्डू आबा आपल्या छातीवर हात ठेवून बाकावर बसले आणि पुढचा तासभर कोणाशी बोलले नाहीत.

नानांनी कोकिळाकडे पाहिलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं झालं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तीन दिवस मीठ नाही खाल्लं मी.”

कोकिळाचे कान तापले. आपण नुसतंच हवेत बोलत नव्हतो, व्यवस्थित नोंदी केल्यात, हे दाखवायला तिने वही पुढे केली. बाई पानं उलटू लागल्या आणि एका पानावर थांबल्या.

“नाडी एकशे बारा. जिन्यात तीनदा थांबते. धाप. शेरा, आळस.” त्यांनी मान वर केली. “हे कोण?”

“आमची ताई. पण तिची नखं लाल आहेत, बाई.”

मथुरा आत्ता दारात पोचली होती. चौकटीला टेकून, पिशवी दोन्ही हातांनी धरून, तोंड मिटून नाकाने श्वास घेत होती. माणसं आजार लपवतात तशी. बाईंनी तिला स्टुलावर बसवलं, तिचे हात उलटसुलट करून पाहिले, मेंदी पाहिली, आणि काही न विचारता खालची पापणी ओढली. काजळ फिसकटलं.

“कोकिळा, इकडे ये. रंग सांग.”

कोकिळाने पाहिलं. “पांढरा.” मग आवाज खाली उतरला. “कागदासारखा.”

“नखांना मेंदी लागते, शाई लागते, चीक लागतो. पापणीच्या आत कोणी रंग लावत नाही.” बाईंनी वही तिच्या हातात परत दिली. “खुणा सगळ्या तूच लिहिल्यास, आणि बरोबर लिहिल्यास. फक्त शेरा चुकला.”

मग त्यांनी मथुराला विचारायला सुरुवात केली. शेतात अनवाणी जातेस? जाते. पाळीत खूप जातं? जातं. जेवतेस कधी? सगळ्यांचं झालं की. काय उरतं तेव्हा?

मथुराला हा प्रश्न कळलाच नाही. “उरतं ते,” ती म्हणाली.

रक्तातलं हिमोग्लोबिन तपासलं. निदान बारा हवं होतं, ते पाचाच्या जरा वर निघालं. ही मुलगी पाणी कसं भरत होती, असं प्रयोगशाळेतल्या माणसाने विचारलं. बाटलीभर रक्त चढवायचं, चार दिवस ठेवायचं, मग गोळ्या, जंताचं औषध आणि महिनाभर विश्रांती, असं बाईंनी सांगितलं.

आणि तिथे खालच्या मजल्यावरची नोंदणीची खिडकी आडवी आली. केसपेपर काढला होता नानांच्या नावाने. मथुरासाठी दुसरा हवा. खिडकीतल्या गृहस्थांनी चष्मा सारखा केला.

“लग्न झालंय? मग पतीचं नाव. पतीची सही.”

“पती धुळ्याकडे आहेत.”

“मग बोलवा.”

“मी वडील आहे,” नाना म्हणाले. “मी करतो सही.”

“लग्नानंतर वडिलांची सही चालत नाही.”

पंचवीस वर्षं कारकुनी केलेले नाना दुसऱ्या कारकुनापुढे असे उभे होते, जसे त्यांच्या खिडकीपुढे इतर लोक उभे राहत असतील. त्यांनी एकदाच घसा खाकरला. “पोर पांढरी पडलीय माझी,” ते म्हणाले. “तुमच्या नियमात वडिलांचं रक्त तरी चालतं का ते बघा.”

चालत होतं. गटही जुळला. सहीचं बाईंनी खाली येऊन स्वतःच्या सहीने निभावलं. सकाळी अकरापर्यंत ज्यांना उंबरठा ओलांडायची बंदी होती, त्या नानांनी दुपारी तीन वाजता बाटलीभर रक्त दिलं आणि वर दोन कप चहा प्यायला. मिठाची बिस्किटं मागून घेतली. कोकिळा मथुराच्या उशाशी बसली. मथुराने डोळे मिटले होते. कोकिळाने खोडरबर काढून ‘आळस’ खोडायला घेतलं, पण ते शाईने लिहिलं होतं. ती खोडत राहिली आणि पानाला भोक पडलं.

“काय करतेस?” मथुराने विचारलं.

“काही नाही. झोप तू. हवं तितकं झोप.”

चौथ्या दिवशी ते फैजपूरला परतले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी झुंबरबाई आल्या. उंच, हाडाच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट. मागे जावई भाईदास, हातात रिकामी पिशवी. मथुरा खाटेवर बसली होती, आणि आईने तिच्या हातात दुधाचा पेला दिला होता. हे दृश्य झुंबरबाईंनी दारातून नीट पाहून घेतलं.

“कामनी सवय लाई दिन्ही ना पोरले?” त्या दुधाच्या पेल्याकडे बघत म्हणाल्या. “दखाई ऱ्हायनं.”

नानांनी दवाखान्याचा कागद पुढे केला आणि सगळं सांगितलं. झुंबरबाईंनी कागदाला हातही लावला नाही.

“कागद माले नका दखाडू भाऊ. कागद कोन बी लिखी देस. तुमी बठ्ठा मिळीसन माले येडी बनावतस.” त्यांचं बोट घरातल्या सगळ्यांवरून फिरलं.

“नखं बघा तिची,” धुरपदामावशी मधे पडली, तिला वाटलं मदत होईल.

“नखं ते लाल शेतंस,” झुंबरबाई म्हणाल्या.

आई रडायला लागली. भाईदास जमिनीकडे बघत होता. मथुरा पेला खाली ठेवून उठायला लागली. ती खरोखर उठत होती, पिशवी भरायला. ते बघितलं आणि कोकिळा मथुरा आणि झुंबरबाईंच्या मधे जाऊन उभी राहिली.

“झुंबरअक्का, कागदावर नका विश्वास ठेवू. आमच्यापैकी कोणावरच ठेवू नका. तुम्ही स्वतः बघा.”

तिने स्वतःची खालची पापणी ओढून दाखवली. मग मथुराची ओढली. रक्त चढवूनही ती अजून फिकीच होती. झुंबरबाई वाकल्या. एकीची बघितली, दुसरीची बघितली. पदराच्या टोकाने मथुराची पापणी पुसली, पावडर लावलीय का म्हणून. लावली नव्हती. मग त्यांनी आईला बोलावलं, मावशीला बोलावलं, नानांनाही सोडलं नाही. एकेकाला उजेडात ओढून पापण्या बघत त्यांनी घरभर झडती घेतली. सगळ्यांच्या लाल.

“हाई कशावरून खरं?” त्या म्हणाल्या, पण आवाज जरा उतरला होता. “मनी दखाड. आरसा आन.”

कोकिळाने भिंतीवरचा आरसा काढून आणला आणि धरला. झुंबरबाईंनी दोन बोटांनी आपली पापणी खाली ओढली.

आरसा कोकिळाच्या हातात हलू नये म्हणून तिने श्वास रोखला होता. पापणी मथुरासारखीच होती. जरा अधिकच.

“माले बी जिनामा धाप लागस,” झुंबरबाई हळू म्हणाल्या. “मी समजनू, उमर व्हयनी.”

त्या खाटेवर मथुराच्या शेजारी बसल्या. मथुराने आपला दुधाचा पेला त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, अर्धा प्यायला, आणि उरलेला तिच्या हातात परत दिला.

“घरमा पाच माणसे, आनि बठ्ठं काम आमी दोन्ही करतस,” त्या समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या. “ते रगत बी आमनंच सरनं.”

मग त्यांनी काष्टा सैल केला, पाय वर घेतले आणि नानांना म्हणाल्या, “भाऊ, माले बी त्या डाक्टरीणकडे लई चाला. मी आठेच ऱ्हासू. महिनाभर.”

आता या महिनाभर इथेच राहणार म्हटल्यावर आईने आतल्या खोलीकडे, गोदड्यांच्या ढिगाकडे, मग नानांकडे पाहिलं. नाना दुसरीकडे बघत होते.

“आनि भाईदास, तू घर जाय.”

भाईदास एवढा वेळ पिशवी धरून उभा होता. दोघींना न्यायला आलेला माणूस. “मंग भाकरी कोन करी?” त्याने विचारलं आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडाला.

हे कोकिळाने टिपलं. ती सरळ पुढे गेली आणि भाऊजींना हलायला वेळ न देता त्यांची खालची पापणी ओढली. मग मनगट धरून पूर्ण मिनिटभर नाडी मोजली, आणि या खेपेला शेरा देण्याआधी पुन्हा एकदा मोजली.

“पापणी लाल. नाडी बहात्तर. श्वास ठीक,” ती म्हणाली. “भाकरी थापायला काही हरकत नाही.”